हाड अडकलंय, डॉक्टर

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी दवाखान्याचं कुलूप काढतोय तोवर एक मोटरसायकल येऊन थांबली. पन्नाशीचे एक शेतकरी, आणि पुढं टाकीवर पोत्यात गुंडाळलेला त्यांचा मोत्या. खालचा जबडा लोंबत होता, जीभ बाहेर, लाळेच्या तारा पोत्यावर उतरलेल्या. कुत्रा एकदम शांत. तोंडावर माशा बसत होत्या तरी कान हलवत नव्हता.

"डॉक्टर, हाड अडकलंय याच्या घशात. परवा कोंबडीचं खाल्लं होतं. मी दोनदा हात घालून बघितला, पण हाताला काय लागंना."

गुरांच्या दवाखान्यात काही वर्षं काढलेल्या माणसाच्या पोटात हे वाक्य ऐकून गोळा येतो. त्यातही "हात घालून बघितला" हे ऐकलं की जास्तच.

"कुणाला चावलाय का?"

"छ्या! उलट गरीब झालाय बिचारा. माशीबी हाकलत नाही."

हाड नव्हतंच. टॉर्च न लावताही ते सांगता आलं असतं. मी दोन पावलं मागं सरकलो, मोत्याला पोत्यासकट रिकाम्या पिंजऱ्यात ठेवायला लावलं आणि काकांना आधी नळावर नेऊन साबण दिला. बोटाला बोरीचा काटा लागल्याची ताजी खूण होती. "पंधरा मिनिटं धुवायचं. मी घड्याळ लावून उभा राहतो," म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की कुत्रा राहिला बाजूला आणि डॉक्टरच बिघडला.

पिसाळलेला कुत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं येणारं चित्र ठरलेलं आहे. लाल डोळे, तोंडाला फेस, गल्लीतून सुसाट पळत येणारा, दिसेल त्याला चावणारा. पोरं ओट्यावर चढलीत, कुणीतरी काठी शोधतंय. असा कुत्रा असतो, खोटं नाही. पण त्याला ओळखायला डॉक्टर लागत नाही आणि त्याच्यापासून माणूस आपसूक लांब पळतो. घात करतो तो दुसरा, मोत्यासारखा. त्याला बघून माणूस लांब जात नाही, उलट कळवळून जवळ जातो, तोंड उघडून बघतो, चमच्यानं दूध पाजतो.

हे दोन्ही कुत्रे एकाच रोगाचे. असं का होतं हे समजायला विषाणूची वाट समजून घ्यावी लागते, कारण बाकीचं सगळं त्या वाटेवरच ठरतं.

रेबीजचा विषाणू येतो लाळेतून. चावल्यावर तो मांसात शिरतो, तिथं काही दिवस किंवा काही आठवडे मुक्काम ठोकतो, आणि मग स्नायूला जिथं मज्जातंतू जोडलेला असतो त्या सांध्यातून आत घुसतो. रक्तात तो उतरत नाही. रक्त म्हणजे शरीराचा हमरस्ता, तिथं पहारा असतो. हा आपला पाणंदीनं जातो. मज्जातंतूच्या आतून, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर या गतीनं, मेंदूच्या दिशेनं. एवढा काळ कुत्रा ठणठणीत दिसतो. खातो, खेळतो, शेपूट हलवतो. रक्त तपासून काही कळत नाही, कारण रक्तात तो नसतोच. कुत्र्यात हा काळ बहुतेक वेळा तीन ते आठ आठवड्यांचा असतो, कधी त्याहून कमी, कधी काही महिन्यांचा. जखम मेंदूच्या जितकी जवळ, तितकी वाट छोटी. पायाला चावा आणि तोंडाला चावा यांत हाच फरक.

मेंदूत पोचला की तिथं तो वाढतो आणि परत मज्जातंतूंच्याच वाटांनी शरीरभर उतरतो. त्यातली एक वाट लाळग्रंथींकडं जाते. म्हणजे बघा, एकाच सुमाराला तीन गोष्टी जुळतात. मेंदूतला राग-भीती सांभाळणारा भाग बिघडल्यानं कुत्रा चावरा होतो, घशाचे मज्जातंतू बिघडल्यानं त्याला गिळता येत नाही, आणि न गिळलेली ती लाळ विषाणूनं भरलेली असते. विषाणूला डोकं नसतं, पण डोकं असतं तरी याहून चलाख बेत त्याला आखता आला नसता.

लक्षणं पाठ करायची गरज नाही, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे: ज्या मज्जातंतूला विषाणूनं गाठलं, त्याचं काम बिघडतं. जबड्याचा गाठला तर जबडा लोंबतो. स्वरयंत्राचा गाठला तर आवाज बदलतो. भुंकायला सुरुवात होते आणि शेवट हेल काढून रडल्यासारखा होतो. मागच्या पायांचे गाठले की कुत्रा झिंगल्यासारखा चालतो. कुठला मज्जातंतू आधी सापडेल याला नेम नाही, म्हणून दोन पिसाळलेले कुत्रे एकसारखे दिसत नाहीत.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस मात्र यातलं काहीच ठळक नसतं, आणि माझ्या मते हेच दिवस सगळ्यात मोलाचे. या दिवसांत स्वभाव उलटतो. माणसाळलेला कुत्रा खाटेखाली, कडब्याच्या गंजीआड, मोरीच्या अंधारात जाऊन बसतो. एरवी फटकून राहणारा एकाएकी अंगचटीला येतो, हात चाटत सुटतो. थोडा ताप, खाण्यावरून मन उडालेलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, भांडं पडलं तरी दचकणं. आणखी एक खूण असते आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही: जिथं पूर्वी चावा बसला होता, ती भरून आलेली जखम तो पुन्हा चाटायला, कुरतडायला लागतो. घरच्यांना विचारलं तर एवढंच सांगतात, "परवापासून जरा वेगळाच वागतोय." या वाक्याला मी थर्मामीटरपेक्षा जास्त मान देतो. कारण लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीपासूनच लाळेत विषाणू आलेला असू शकतो.

त्यानंतर रोग दोनपैकी एका अंगानं जातो.

एक पिसाळण्याचा. कुत्रा एका जागी ठरत नाही. साखळी चावतो, पिंजऱ्याचे गज चावतो, दात तुटून तोंड रक्तबंबाळ होतं तरी थांबत नाही. दुखणं जाणवतच नाही. माती, खडे, लाकूड, चिंध्या, चप्पल, जे सापडेल ते गिळतो. सुटला तर मैलोन्‌मैल भटकतो, वाटेत येईल त्याला चावतो, आणि बहुतेकदा न भुंकता, न गुरगुरता चावतो. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. धडधाकट कुत्रा चावण्याआधी बजावतो. ओठ वर करतो, गुरगुरतो, मान ताठ करतो. पिसाळलेला कुत्रा बजावत नाही. उजेड आणि आवाज त्याला सोसत नाहीत. हे काही दिवस चालतं, मग तोल जातो, झटके येतात, आणि कुत्रा मरतो.

दुसरं अंग लुळेपणाचं. चिडण्याचा टप्पा अगदी थोडका असतो किंवा नसतोच. जबडा लोंबतो, लाळ गळते, घास तोंडातून परत पडतो, घशातून घरघर येते. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी अडकलंय. मग लुळेपणा अंगभर पसरतो आणि श्वासाचे स्नायू थांबले की दोन-चार दिवसांत खेळ संपतो. या दोन प्रकारांत पक्की भिंत नसते. काल साखळी चावणारा कुत्रा आज लुळा पडलेला असतो.

यातली कुठलीही गोष्ट नव्यानं कळलेली नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराचं वर्णन आहे: शेपूट, जबडा आणि खांदे लोंबलेले, लाळ गळतेय, ऐकू येत नाही, दिसत नाही, आणि समोर येईल त्यावर धावतंय. लोंबलेला जबडा त्या वैद्यांनी बरोबर टिपला होता. पुढं त्यांनी असंही म्हटलंय की चावलेल्या माणसाला पाण्याची भीती वाटायला लागली, जलत्रास झाला, की तो वाचत नाही. पाण्याची भीती माणसाला, हे त्यांनी नीट लिहून ठेवलं. आपण कधीतरी ती कुत्र्याला चिकटवली.

आजही गावोगाव ही परीक्षा घेतली जाते. कुत्र्याचा संशय आला की पुढं पाण्याची परात ठेवायची. प्यायला गेला की, "पाण्याला भीत नाही, पिसाळलेला नाही." मोत्याचीही झाली होती. काकांनी मोठ्या विश्वासानं सांगितलं, "पाण्यात तोंड घालतोय की!" घालतोच. पिसाळलेला कुत्रा पाण्याला भीत नाही. तहान लागलेली असते, तो परातीत तोंड बुडवतो, जीभ हलवायला बघतो, आणि पाणी तसंच बाहेर सांडतं. गिळता येत नाही हा प्रश्न असतो, भीती हा नाही. माणसात मात्र पाण्याचा घोट घ्यायला गेलं की घशाचे स्नायू इतके आवळतात की पुढं नुसतं पाणी दिसलं तरी तसंच होतं. त्याच आवळण्यातून निघणाऱ्या चमत्कारिक आवाजाला लोक "माणूस कुत्र्यासारखा भुंकतो" म्हणतात.

तसंच उन्हाचं. "ऊन लागून पिसाळलं", "उपाशी राहून पिसाळलं", "कच्चं मटण खाऊन पिसाळलं". यातलं काहीही विषाणूशिवाय कुत्र्याला पिसाळू शकत नाही. आणि पिल्लू असलं तरी सूट नाही. "एवढंसं पिल्लू, त्याचे दात लागले तर काय होतंय" म्हणून सोडून दिलेले ओरखडे फार महागात पडतात.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर प्रत्येक लाळ गाळणाऱ्या कुत्र्यामागं लोक दगड घेऊन लागतील. पिल्लं घातलेली कुत्री जवळ येणाऱ्यावर धावून जाते, ती आई म्हणून. भादव्यात कुत्र्यांची टोळकी एकमेकांना फाडतात, ते मादीपायी. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा दुसरा एक विषाणूचा आजार, तो झालेल्या कुत्र्याला झटके येतात, काही वेळा च्युइंगगम चघळल्यासारखा जबडा चालतो. उंदराचं औषध पोटात गेलं तरी कुत्रा तडफडतो, फेस येतो. दाढेत खरोखर हाड अडकलेला कुत्रा मात्र पंजानं तोंड ओरबाडत राहतो आणि त्याचं लक्ष ठिकाणावर असतं. हाक मारली की बघतो. जबड्याच्या मज्जातंतूला सूज येऊन जबडा लोंबणारा, रेबीजशी संबंध नसलेला एक आजारही आहे. त्यातला कुत्रा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. पण आपल्या देशात लोंबलेला जबडा दिसला की आधी रेबीज धरायचा आणि मग दुसरं काही शोधायचं, हा आमचा नियम. चूक झालीच तर ती या बाजूची झालेली बरी.

मग जिवंतपणी पक्कं कसं कळणार? भरवशाची तपासणी नाही. म्हणून दहा दिवसांचा हिशोब. कुत्र्याच्या लाळेत विषाणू यायला लागल्यावर फार दिवस जात नाहीत, लक्षणं दिसतात आणि तो मरतो. त्यामुळं चावल्यापासून दहा दिवसांनंतरही कुत्रा धडधाकट असेल, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. हा हिशोब फक्त कुत्र्या-मांजराला लागू. मुंगूस, कोल्हा, माकड यांना नाही. आणि यातून लोक जो अर्थ काढतात तो भलताच: "दहा दिवस बघू, कुत्रा मेला तर इंजेक्शन घेऊ." नाही. इंजेक्शन त्याच दिवशी सुरू करायचं, कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवायचा, आणि तो जगला तर पुढचे डोस कमी करायचे की कसं हे डॉक्टर ठरवतील. विषाणू पाणंदीत आहे तोवरच लस त्याला गाठू शकते. माणसात लक्षणं दिसल्यावर वाचलेले जगभरात अगदी मोजके आहेत.

साबणाच्या पंधरा मिनिटांमागंही साधं कारण आहे. या विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं आणि साबण चरबी फोडतो. हळद, चुना, मिरचीपूड, तंबाखू यांतलं काही ते करत नाही. उलट जखम चिघळते. जखम खोल असेल, किंवा तोंडाला, मानेला, बोटांना असेल, तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिद्रव्यं, भरून घ्यावं लागतं. ते डॉक्टरांना आठवणीनं विचारावं. बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती, १९११ साली कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी तयार केलेली, आणि भारतात तिचं उत्पादन २००४ मध्ये थांबलं. आता दंडात चार-पाच भेटींत काम होतं. सरकारी दवाखान्यात फुकट.

मोत्या तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. पिंजऱ्यात एकदाही भुंकला नाही. हातमोजे, चष्मा, मास्क लावून आम्ही डोकं वेगळं केलं आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडं पाठवलं. पक्कं निदान मेंदूच्या तुकड्यावरच होतं. १९०३ साली अदेल्की नेग्री या इटालियन डॉक्टरनं मेंदूच्या पेशींत दिसणारे बारीक ठिपके शोधले आणि पुढं कित्येक वर्षं जगभर तेच शोधत बसायचे. आता मेंदूचा ठसा काचेवर घेऊन त्यावर चमकणारा रंग जोडलेली प्रतिद्रव्यं सोडतात. विषाणू असला तर सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे ठिपके लखलखतात. दिसायला सुंदर दिसतं, हे कबूल करायला जरा लाज वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणं दर वर्षी जगात सुमारे ५९,००० माणसं या रोगानं जातात, आणि माणसाला होणाऱ्या रेबीजमागं ९९ टक्के वेळा कुत्रा असतो. म्हणजे कुत्र्यांना लस टोचली की माणसं वाचतात. एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना टोचली तर रोगाची साखळी तुटते. आपल्या शेजारी गोव्यानं हे करून दाखवलं. गल्लोगल्ली जाळी घेऊन भटकी कुत्री धरायची, लस टोचायची, अंगावर रंगाची खूण करून सोडून द्यायची, दर वर्षी परत तेच. २०२१ मध्ये गोवा सरकारनं राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर केलं. आपल्याकडं कान कापलेली कुत्री दिसतात, त्याचा अर्थ नसबंदी झालीय आणि तेव्हा लसही टोचलीय. ती लस कधीची हे कान सांगत नाही. घरच्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पहिली, मग डॉक्टर सांगतील तशी दुसरी, आणि पुढं दर वर्षी. मोत्याला एकही नव्हती. "घरचाच आहे, बाहेर कुठं जातोय," हे कारण.

अहवाल आला तेव्हा काकांना बोलावून पहिल्या दिवशी केलेली यादी पुन्हा तपासली. कुणी हात घातला, कुणी लाळ पुसली, कुणाला चाटलं. काका स्वतः. दूध पाजणाऱ्या काकू. जबडा धरून ठेवणारा पुतण्या. शेजारची सहा वर्षांची मुलगी, तिच्या गुडघ्यावरची खपली मोत्यानं आठ दिवसांपूर्वी चाटली होती. तेव्हा तो "जरा वेगळाच" वागायलाही लागलेला नव्हता. चौघांचीही इंजेक्शनं पहिल्याच दिवशी सुरू केली होती. काकांच्या बोटाच्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिन भरलं होतं, खपलीमुळं मुलीलाही ते द्यावं लागलं. आम्ही जनावरांचे डॉक्टर आधीच लस घेऊन ठेवतो, तरी मी दोन डोस घेतले.

"पण डॉक्टर, याला झाला कुठनं? दावणीचा कुत्रा," काकांनी विचारलं.

मी म्हटलं, महिना-दोन महिने मागं जाऊन आठवा. कुठं भांडला होता?

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, गणपतीच्या दिवसांत रात्री एक भटकं कुत्रं वस्तीवर आलं होतं. कुणाच्या ओळखीचं नव्हतं. मोत्या त्याच्यावर धावून गेला, अंधारात जुंपली, बॅटरी घेऊन जाईपर्यंत ते उसातून पसार झालं. मोत्याच्या मागच्या पायाला दोन दात लागले होते. काकूंनी हळद भरली, आठवड्यात जखम सुकली.

"आणि आता दिवाळीत," ते म्हणाले, "तोच पाय चाटत बसायचा. मला वाटलं, गोचीड झालं असंल."